सई नावाच्या सगळ्या सयांनो, या इकडे

काल भावाच्या लेकीचं बारसं होतं, मी आत्या, कानात कुर्रर करून 'सई' म्हटलं आणि एकदम पणजी आठवली, तिचं नाव सयाबाई. आमच्या वर्गात सगळ्या स्वाती, वैशाली, मनीषा, तेव्हा हे नाव हौसेने कोण ठेवणार? आता बागेत हाक मारली तर दोन-तीन जणी वळतात. सखीचं प्राकृतात सही आणि मग सई. पणजीच्या जात्यावरच्या ओव्यांत तर सईला हाक असायचीच. लिहा तुमच्याकडच्या सयांबद्दल.

मीच_ती: हैदराबादला नोकरी लागली तेव्हा कंपनीने मला मुलांच्या होस्टेलात खोली दिली, तिकडे साई म्हणजे मुलगाच वाटला त्यांना, रात्री बॅगा घेऊन गेटवर उभी, वॉचमनकाका बिचारे माझ्याहून जास्त घाबरलेले

आभाळमाया: अगं बाई!! म्हणूनच लेकीच्या पासपोर्टवर एस ए डबल ई लावलंय. तरी साई म्हणतातच.

रानवारा: माझं नाव महाराणी सईबाईंवरून, फलटणच्या निंबाळकरांच्या लेक. आजी नको म्हणत होती, का तर त्या १६५९ ला राजगडावर वारल्या तेव्हा शंभूराजे जेमतेम दोन वर्षांचे. बाबांनी ऐकलं नाही आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

कोकणकन्या: मधल्या काळात अगदीच गेलं नव्हतं हं नाव, सई परांजपे १९३८ च्या. आईला त्यांचे सिनेमे फार आवडायचे म्हणून मी सई. हल्लीच्या मुली विचारतात, ताम्हणकरवरून का? अगं मी तिच्याआधीची

जुनी_पेटी: माझी आजी माहेरची सया. लग्नात ताटातल्या तांदळावर लक्ष्मी लिहिलं, मग रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे लक्ष्मीच. भाऊ आला की अंगणातूनच "सयेऽऽ" ओरडायचा आणि ती हातातलं काम टाकून धावायची. तिला तिचं नाव परत द्यायचं राहूनच गेलं

मीच_ती: डोळ्यात पाणी आलं गं

आभाळमाया: माझ्या आईचंही असंच बदललं होतं, तिला शेवटपर्यंत आवडलं नाही. नंतर लिहिते, कुकर झालाय.

पाऊसवेडी: बारशाला घुगऱ्या केल्या की नाही? आणि नणंदेला जुळ्या झाल्यात, एक सई नक्की, दुसरी जुई चालेल?

रानवारा: गोड आहे! पण एकीला हाक मारलीत की दोघी येणार