झोपेच्या वेळा २२१५, ६४५, ११ अशा आकड्यांत आल्यात. स्टाटात (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) खऱ्या वेळेत कशा आणायच्या?

प्रश्न:
झोपेच्या सर्व्हेची फाइल आहे. झोपायची वेळ आणि उठायची वेळ, दोन्ही कॉलम न्यूमेरिक, म्हणजे साधे आकडे. २२१५, ६४५ कळतं. पण मधेच ५, ३०, ११ असंही येतं. ११ म्हणजे रात्रीचे अकरा की बारा वाजून अकरा मिनिटं? कोडबुकात (कॉलमचे अर्थ दिलेली यादी) नुसतं 'वेळ' लिहिलंय. वजाबाकी केली तर भलतेच आकडे येतात.

उत्तर १:
भलतेच येणारच. ९५५ ते १००५ दहा मिनिटं, वजाबाकी पन्नास दाखवते.

आधी प्रत्येक आकड्याला १०० ने भागून बाकी काढा आणि तिचं टॅब्युलेशन, म्हणजे कोणती बाकी किती वेळा येते, ते बघा. बाकी कुठेच ५९ च्या वर जात नसेल तर ते तास-मिनिटं. ६० ते ९९ सर्रास दिसली तर बहुधा मध्यरात्रीपासूनची मिनिटं. मग कमाल आकडा १४३९ च्या पुढे जायला नको. ६० ते ९९ मधली बाकी एखाददुसरीच असेल तर टायपिंगची चूक, ती नोंद मिसिंग (रिकामी) करा.

तास-मिनिटं ठरली की पूर्ण भागाकार तास, बाकी मिनिटं, दोन्ही एचएमएस फंक्शनला (तास, मिनिटं, सेकंदांतून वेळ बनवणारं) द्या. नव्या कॉलममध्ये. मूळ कॉलमला हात लावू नका, हे दरवेळी सांगावं लागतं.

आता ११. सूत्र ००:११ म्हणेल, पण झोपायची वेळ लोक पाचाच्या पटीत सांगतात. बारा वाजून अकरा मिनिटांनी झोपलो असं कोण सांगतं? तो तासच. ३० मात्र तास असूच शकत नाही, म्हणजे साडेबारा.

प्रश्नकर्ती:
भागाकाराची बाकी सगळीकडे ५५ पर्यंतच, ती ११ वगळता पाचाच्या पटीत. मग ५ आणि १० चं काय?

उत्तर १:
जोडीची वेळ बघा. उठायच्या कॉलममधला ५ पहाटेचा धरायला हरकत नाही. झोपायच्या कॉलममधला १० रात्रीचे दहाही असेल, ००:१० ही. दोन्ही धरून झोपेचे तास काढा. दोन्ही पटण्यासारखे आले तर फ्लॅग (संशयाची खूण) लावा आणि ती नोंद वगळूनही निकाल तपासा. फरक ऋण आला तर २४ तास मिळवा, मध्यरात्र ओलांडलीय.

उत्तर २:
पुढे तारीख जोडणार असाल तर व्हेरिएबल (कॉलम) डबल प्रकारात ठेवा, त्यात जास्त अंक अचूक मावतात. स्टाटा १ जानेवारी १९६० पासूनचे मिलिसेकंद मोजतो. फ्लोट या कमी अचूक प्रकारात हल्लीच्या तारखांना वेळ मिनिटभर इकडेतिकडे सरकते आणि एरर येत नाही. एसपीएसएसला (आकडेवारीचं दुसरं सॉफ्टवेअर) फाइल द्यायची असेल तर वेळ टेक्स्ट करून द्या, तिकडे मोजणी १४ ऑक्टोबर १५८२ पासून, सेकंदांत.