मोहाची की ज्वारीची?

पुण्याच्या डूलालीसारखी ब्रुअरी आपल्याकडे निघाली तर मोहाची बिअर काढावी, हे दादांचं म्हणणं वाचलं. कल्पना झकास. पण मोहफुलात साखर तयारच असते. बिअरसाठी बार्लीला मोड आणा, दळा, साधारण 65 अंशांच्या पाण्यात ठेवून स्टार्चची साखर करा, हा खटाटोपच इथं नाही. म्हणजे निघेल ती वाईन. बिअरमध्ये वासापुरती फुलं घाला, तीही वाळवलेली. पहाटे टोपलीत येतात ती पिवळट, रसाळ. अंगणात ऊन खाल्लं की मनुक्यासारखी तपकिरी होतात आणि वास घरभर.

खरी गंमत ज्वारीत आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यानपिढ्या होते, मग वऱ्हाडात काय अडलं? अडतं ते तापमानावर. तिचा स्टार्च फुलायला 70 च्या आसपास किंवा वर जावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) स्टार्चची साखर करणारी एन्झाइमं गारद होतात. म्हणून ज्वारी आधी शिजवायची, जरा निवली की माल्ट घालायचं. दुसरं, ज्वारीच्या मोडांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं (कोवळी ज्वारी चरून ढोरं दगावतात ते यानंच), म्हणून माल्ट वाळवून मोड चोळून पाखडून टाकायचे. यात आळस चालत नाही.

परवान्याचं म्हणाल तर वर्धा, गडचिरोली विसरा, तिथं दारूबंदी. चंद्रपूरची 2021 मध्ये उठली. बिअरला कडवटपणा देणारी फुलं, म्हणजे हॉप्स, मात्र बाहेरूनच आणावे लागतील.