रोजच्या जगण्यात देव कुठे भेटला? ज्यू परंपरेतले आपापले अनुभव (अनुभव धागा)

सुरुवात मीच करते.

आमच्याकडे शुक्रवारी ऊन उतरायला लागलं की आजी काचेच्या ग्लासात आधी पाणी, त्यावर खोबरेल ओतायची, वात सोडायची, दिवा लावायची आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून काहीतरी पुटपुटायची. लहानपणी मला वाटायचं धुराने डोळे चुरचुरतात म्हणून झाकते. कोणी कधी समजावून सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळ रोह्याकडचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पुस्तकं, पोथ्या सगळं समुद्रात गेलं. मग कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. हिब्रू विसरली, प्रार्थना विसरल्या, राहिलं काय तर शेमा इस्राएल, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक', हे प्रार्थनेचं एक वाक्य, मुलांची सुंता, शनिवारची सुट्टी आणि खाण्याचे नियम. एवढ्यावर शेकडो वर्षं काढली त्यांनी. मला हे आठवलं की आजही गळा दाटून येतो.

मी मात्र नोकरीला बंगळुरूला गेले आणि सगळं सोडलं, राग वगैरे काही नव्हता, नुसतंच सुटलं. आजीला अर्धांगाचा झटका आला म्हणून घरी आले. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, माणसं ओळखत होती की नाही तेही कळत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मी खिडकी लावत होते, ऊन भिंतीवरून खाली सरकलेलं, आणि बघते तर आजीचा डावा हात हळूहळू वर येतोय, थरथरत, आणि डोळ्यांवर जाऊन थांबला. घरात कोणी दिवा लावलाच नव्हता. मी धावत जाऊन ग्लास शोधला, खोबरेल डोक्याला लावायच्या बाटलीतलं ओतलं. आजीने हात काढला, दिव्याकडे बघितलं. त्या दिवसापासून एकही शुक्रवार चुकवलेला नाही, आता नऊ वर्षं होतील.

तुम्हीही लिहा. ज्यू असा किंवा नसा. प्रवचन नको, ग्रंथातलं वाक्य आलं तर येऊ दे, पण तुमच्या घरात, कामात, स्वयंपाकात त्याने काय झालं ते सांगा.

*

ठाण्याहून लिहितोय. मी अकाउंटचं काम करतो, जुलैत रिटर्न भरायच्या दिवसांत घरच्यांना माझं तोंड दिसत नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या चालू केल्या आणि सांगितलं आठवड्यातून एक दिवस तरी थांबा. मी बायकोला म्हटलं, अगं आपल्याकडे तर हा दिवस आधीच दिलेला आहे, आपणच तो परत करून टाकलाय.

मग ठरवलं, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत फोन आणि पाकीट कपाटाच्या खणात, ते शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसल्यावरच बाहेर. कायद्याने पाहिलं तर शब्बाथला, म्हणजे या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, 39 प्रकारची कामं वर्ज्य आहेत, मी अजून सगळी पाळत नाही, आमच्या ठाण्याच्या शार हाशामाईमला, 1879 चं सिनॅगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ आहे ते, रिक्षानेच जातो, हे खरं सांगून टाकतो. पण पहिल्या तीन-चार शनिवारी काय अवस्था झाली म्हणून सांगू, हात सारखा खिशाकडे जायचा, खिसा रिकामा, आणि पोटात गोळा यायचा की कोणाचा फोन येऊन गेला असेल, काम हातचं जाईल. एक क्लायंट गेलासुद्धा. पण त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो, मुलगा पोटावर डोकं ठेवून काहीबाही सांगत होता आणि मी ऐकत होतो. नुसतं ऐकत होतो. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की मी न चालवताही जग चालतंय, म्हणजे चालवणारा दुसरा कोणीतरी आहे. माझी श्रद्धा तिथून सुरू झाली.

शनिवारी रात्री हावदालाला, म्हणजे शब्बाथला निरोप देताना, डबीतल्या लवंग-वेलचीचा वास घ्यायचा, मग मेणबत्तीच्या उजेडात नखं बघतो आम्ही. तो वास आता माझ्या डोक्यात असा बसलाय की ऑफिसात कोणी मसाला चहा आणला तरी मन शांत होतं.

*

छोटासाच अनुभव आहे. आमच्यात खवले आणि पर असलेलीच मासळी चालते, त्यामुळे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बंद, आणि मटणाबरोबर दूध-दही नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधात. कॉलेजात मैत्रिणींबरोबर मी सगळं खाल्लं. लग्नानंतर आईबरोबर बाजारात गेले तर नेहमीच्या कोळणीने टोपलीतल्या कोळंबीवर फडकं टाकलं आणि पापलेट पुढे केलं, म्हणाली, "बाय, तुमचं हे." तिला माझा धर्म माझ्यापेक्षा जास्त लक्षात होता. घरी येऊन रडले मी, आणि तेव्हापासून पाळते. काय खायचं नाही हे ठरलेलं असलं की दिवसातून दोन-तीनदा तरी देवाची आठवण होतेच, मला तेवढंही आधी होत नव्हतं.

*

मी नर्स आहे, मुंबईत, किडनीच्या वॉर्डात 22 वर्षं.

माझे बाबा बाथरूममधून आले की हात धुऊन दारातच उभे राहून एक प्रार्थना म्हणायचे, आशेर यात्सार. मला शाळेत असताना इतकी लाज वाटायची, मैत्रिणी घरी आल्या की मी रेडिओ मोठा करायचे. देवाचं नाव काय तिथे घ्यायचं असतं का! पुढे नोकरीला लागल्यावर एकदा त्याचा अर्थ वाचला. देवाने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्या, त्यातलं एक जरी उघडायला नको ते उघडलं किंवा बंद व्हायला नको ते बंद झालं तर माणूस तुझ्यापुढे क्षणभर उभा राहू शकणार नाही. मी नाइट ड्यूटीवर होते, पुस्तक हातातच राहिलं. कारण माझं काम तेच आहे, कोणाचं काय बंद झालंय आणि कोणाच्या पिशवीत किती मिली आलं ते दर तासाला लिहायचं.

एक तरुण मुलगा होता, आईने किडनी दिली होती. ऑपरेशन झालं, नळी लावलेली, आणि आम्ही सगळे त्या पिशवीकडे बघत उभे. आधी काहीच नाही. मग नळीच्या आत एक पिवळसर थेंब सरकला, थांबला, पुढे गेला, मागून दुसरा. पहिल्या तासाला 40 मिली लिहिलं मी, अक्षर वाकडं आलं होतं. बाहेर त्याच्या आईच्या सासूबाई बसल्या होत्या, सांगितल्यावर त्यांनी विठ्ठला म्हणून हात जोडले. मी स्टाफ रूममध्ये जाऊन बाबांची प्रार्थना म्हटली, पहिल्यांदा, पाठ नव्हती तर अर्धी मराठीत.

आता रोज म्हणते. दारातच उभी राहून. माझी मुलगी टीव्ही मोठा करते, करू दे.

*

मी ज्यू नाही, अलिबागकडची, आमच्या वाडीला लागून ज्यू मावशींचं घर होतं, म्हणून लिहिते आहे, चालेल ना?

मावशींच्याकडे घरभरणी असो, नवस फेडायचा असो, लग्न असो, मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं कापून लावायची, आणि एलियाहू हानाबीचं, म्हणजे त्यांच्या एलियाहू संदेष्ट्याचं, गाणं. खंडाळ्याला, आपल्या अलिबागजवळच्या हं, घाटातल्या नाही, तिथे एक कातळ आहे, एलियाहूचा रथ तिथून स्वर्गात गेला आणि चाकाच्या खुणा उमटल्या असं मानतात, मावशी तिथे मलाही घेऊन गेल्या होत्या.

पण मला लागलं ते दुसरंच. ताटातली प्रत्येक वस्तू उचलून त्या वेगळा आशीर्वाद म्हणायच्या. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा, सुवासाला तिसरा. आणि केळं घेतलं की जमिनीचा! मी म्हटलं मावशी, केळं तर झाडाला लागतं. तर त्या म्हणाल्या, "एक घड दिला की केळीचा खुंट तोडतेस ना तू? मग ते झाड कसलं, दरवर्षी मातीतूनच नवं येतं." आमच्या परसात 30 केळी, मी जन्मभर खुंट तोडत आले, आणि हे लक्षात नव्हतं आलं. तेव्हापासून तोंडात काही टाकायच्या आधी हातात धरून एकदा बघते, हे कुठून आलं. मी माझ्या देवाचंच नाव घेते, गणपती बसतो आमच्याकडे पाच दिवस. पण थांबायला मला मावशींनी शिकवलं, आणि थांबल्याशिवाय देव दिसत नाही असं माझं आता ठाम मत आहे. मावशी मुलाकडे इस्राएलला गेल्या. घराची किल्ली माझ्याकडे आहे.

*

हे लिहू की नको असं करत आठवडा घालवला.

आमच्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर मी मोठ्या भावाला न सांगता फेरफार करून घेतला होता. का केला, कोणाच्या सांगण्यावरून, ते राहू दे, सही माझी होती. भाऊ कोर्टात गेला. अकरा वर्षं बोलणं नाही. आणि मी दरवर्षी योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, पांढरे कपडे घालून, दिवसभर निर्जळी उपास करून सिनॅगॉगमध्ये उभा राहत होतो. आमचे जुने लोक त्या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायचे, दार बंद करून घरात बसायचं, कोणाला शिवायचं नाही. मी म्हणायचो झालं, देवाने माफ केलं.

एका वर्षी हजान, म्हणजे सिनॅगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, बोलले की माणूस आणि देव यांच्यातल्या चुका हा दिवस धुतो, पण माणूस आणि माणूस यांच्यातल्या धुत नाही, त्या माणसाकडे जाऊन त्याचं मन वळवल्याशिवाय नाही, आणि त्याने नाही म्हटलं तर परत जा, तिसऱ्यांदा जा. शिकवण लहानपणापासून कानावर होती. त्या दिवशी पोटात भूक होती म्हणून असेल, आत उतरली.

पेणला गेलो. पहिल्या वेळी भावाने दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं. दुसऱ्या वेळी वहिनी बाहेर आल्या, म्हणाल्या ते झोपलेत, आतून खोकल्याचा आवाज येत होता. तिसऱ्या वेळी जाताना बसमध्ये मला वाटत होतं की आता हे शेवटचं, नियम पूर्ण झाला की मी सुटलो. आणि मग स्वतःचीच शरम वाटली, माफी मागायला निघालोय की हजेरी लावायला? खरी प्रार्थना मी त्या एसटीत केली, वडखळ नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये, पुस्तकाशिवाय. म्हटलं देवा, मला त्याच्याकडून काहीच नको, फक्त मी काय केलं ते त्याच्या तोंडावर नीट सांगता येऊ दे.

सांगितलं. ओटीवर उभं राहून, सहीची तारीख-वारासकट. तो गप्प होता. मग म्हणाला, "जेवून जा."

केस अजून चालू आहे, वकील ठरवतील ते ठरवतील. यंदा आमच्या ज्यू नव्या वर्षाला त्याच्याकडून चिकाचा हलवा आला.

*

इस्राएलमधल्या दिमोनाहून. माझं मराठी लिहायचं राहिलंय, चुका पोटात घाला.

आईपप्पा मुंबईहून इथे आले. तेव्हा काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आमच्या लोकांची लग्नं लावायला तयार नव्हते, तुम्ही खरे ज्यू कशावरून म्हणून पूर्वजांची चौकशी करायचे. 1964 साली आमचे लोक जेरुसलेमला धरण्याला बसले, पप्पाही होते, शेवटी संसदेने सांगितलं की हे पूर्ण ज्यू आहेत. पप्पांना ते फार लागलं होतं. मी लहान असताना विचारलं, मग तुम्ही देवावर का नाही रागावलात? ते काही बोलले नाहीत. पण पेसाहला, इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण तो, टेबलावर मराठी हागादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं पुस्तक, उघडायचे, पुण्याला 1874 मध्ये चित्रांची हागादा मराठीत छापली होती, तिच्या पानाच्या झेरॉक्स होत्या आमच्याकडे, आणि मोठ्याने वाचायचे की आपण मिसरात गुलाम होतो. खजुराचा पाक बोटाला लागलेला असायचा, पानांवर डाग आहेत.

परक्याला छळू नका, कारण तुम्ही परके होता, हे तोरात, आमच्या मूळ धर्मग्रंथात, 36 वेळा आलंय असं तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, म्हटलंय. आमच्या जिन्यात इथिओपियाहून आलेलं कुटुंब राहायला आलं आणि त्यांच्या मुलाला शाळेत तेच विचारायला लागले जे पप्पांना विचारलं होतं. त्या वर्षी मी त्यांना सेदरला, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या जेवणाला, बोलावलं. पप्पांनी त्या मुलाला शेजारी बसवलं आणि सगळ्यात लहान म्हणून हागादातले चार प्रश्न त्यालाच विचारायला लावले. मला उत्तर मिळालं, पप्पांनी ते किती वर्षांनी दिलं!

*

पुण्याहून, रास्ता पेठ.

माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता. वडील गेले, सात दिवस शिवा, म्हणजे घरात सुतक धरून, बसलो कारण आईची इच्छा. त्यानंतर 11 महिने कद्दीश म्हणायचं असतं. अरामी भाषेतली प्रार्थना, आणि तिच्यात मृत्यूचा शब्दच नाही, नुसती देवाची थोरवी. ज्याचा बाप गेलाय त्यानेच उभं राहून देव मोठा आहे म्हणायचं. मला चीड यायची.

त्यात ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात. आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेलेले, दहा जमवणं म्हणजे रोजचं टेन्शन. आमच्या सुक्कथ शेलोमो सिनॅगॉगमध्ये बसून मोजायचं, सात, आठ, नऊ. एका पावसाळ्यात नऊवर अडलो होतो, अर्धा तास झाला, मी म्हटलं राहू दे, घरी जाऊया. तेवढ्यात एक म्हातारे काका आले, कॅम्पातून, रिक्षा मिळाली नाही म्हणून चालत. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला हातात. वडिलांना ओळखतही नव्हते ते. आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हं, म्हण."

मी म्हटलं. इतरांनी आमेन म्हटलं, काकांचा आमेन सगळ्यात मोठा, धाप लागलेला. मला तेव्हा जे झालं त्याला शब्द नाही माझ्याकडे. एवढंच कळलं की मी एकटा नाही, आणि वडीलही एकटे नाहीत.

प्रार्थना संपली की आमच्यात एकमेकांच्या हाताला हात लावून आपली बोटं ओठांना लावतात. काकांचे हात गार पडले होते.

माझे 11 महिने कधीच संपले. गेल्या गुरुवारी सकाळी फोन आला, कोणाची तरी आई गेलीये, नऊ झालेत. कुकर लावलेला होता. बंद केला आणि हेल्मेट घेऊन निघालो.