थंड इंजिनावर पॉवर स्टिअरिंग जड, ऑइल कमी होतंय पण गळती दिसत नाही. रॅक बदलायलाच हवा का?

चाकोरी:
आमची सात सीटची डिझेल एसयूव्ही आहे. नऊ वर्षं जुनी, 1,34,000 किमी झालेली. घरात सगळ्यांत जास्त मीच चालवते. गेले दोन महिने सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग जड लागतं. पहिल्या दोन-तीन वळणांना दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि बॉनेटखालून घूंऽऽ असा आवाज येतो. रेस दिली की आवाज चढतो. दहा मिनिटांत बरंच सुरळीत होतं, म्हणून मीही चालवत राहिले. परवा आई मागे बसलेली असताना यू-टर्नमध्ये स्टिअरिंग मध्येच अडकल्यासारखं झालं आणि समोरून ट्रक. त्याने वेग कमी केला म्हणून निभावलं. तेव्हापासून गाडी उभी आहे.

स्टिअरिंग ऑइलच्या टाकीत दोन महिन्यांत तीनदा ऑइल भरलं. जमिनीवर मात्र थेंब नाही. गॅरेजवाले म्हणतात रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) गेला, पूर्ण बदला. पण त्यांनी गाडी वर घेतलीच नाही, त्यामुळे माझं मन मानत नाही. रॅकच गेलाय हे ओळखायचं कसं?

सावकाश:
ऑइलमध्ये लीक थांबवणारं लिक्विड मिळतं ते टाका. माझ्या जुन्या गाडीला सहा महिने चाललं.

दहाचा पाना:
ते लिक्विड कृपा करून टाकू नका. त्याने रबर फुगतं, गळती तेवढ्यापुरती थांबते आणि मूळ जागा शोधणं अवघड होतं. आई-मुलं बसणाऱ्या गाडीत स्टिअरिंगवर तात्पुरता इलाज नको.

चाकोरीताई, गाडी उभी ठेवलीत हे फार बरं केलंत. पॉवर गेली तरी स्टिअरिंगचा चाकांशी जोड तुटत नाही, गाडी वळते, पण ऐन वळणात एकदम जोर लावावा लागतो आणि धोका तिथेच असतो.

आता रॅक. त्याच्या दोन्ही टोकांना रबराचे घडीचे बूट असतात. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका. दोन्ही बूट हाताने दाबून बघा. टोकाचं सील गेलं असेल तर ऑइल बुटात साठतं, दाबल्यावर आत डुचमळतं आणि बाहेर थेंबही पडत नाही. तसं असेल तर गॅरेजवाल्यांचं बरोबर आहे. बूट कोरडे असतील तर रॅकवर खर्च करण्याआधी थांबा.

मला संशय वेगळा आहे. टाकीतून पंपाकडे एक जाड नळी जाते. तिच्यात दाब नसतो, उलट पंप तिच्यातून ऑइल ओढत असतो. ती नळी कडक झाली किंवा तिला आवळणारा क्लॅम्प सैल झाला की गाडी चालू असताना तिथून हवा आत ओढली जाते, आणि गाडी उभी असताना तिथूनच ऑइल झिरपतं. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. फेसाळलेलं ऑइल पंपात गेलं की दाब तयार होत नाही. म्हणून जडपणा, म्हणूनच घूं. सकाळी रबर आखडलेलं आणि ऑइल घट्ट असतं, म्हणून तेव्हा त्रास जास्त. पंप फिरवणारा बेल्ट घसरत असता तर आवाज चिर्रर्र असा किंचाळता आला असता. तरी बेल्टवर भेगा आहेत का तेही बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरतो.

इंजिन चालू करून टाकीचं झाकण उघडा आणि कुणालातरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा. साबणाच्या पाण्यासारखा फेस दिसला तर हवा जातेय. आणि एक विचारायचं राहिलं, इंजिनाखाली प्लॅस्टिकचं कव्हर आहे का? जमिनीवर थेंब का नाही, याचं उत्तर बहुतेक त्या कव्हरवर असेल.

घाटवाट:
हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी: ज्यांच्या पॉवर स्टिअरिंगला ऑइलची टाकीच नाही त्यांचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, तिथे यातलं काही लागू नाही. माझ्या गाडीत डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झालं. कारण निघालं बॅटरी. स्टिअरिंगला मदत करणारी मोटर जागच्या जागी वळताना भरपूर करंट खाते, व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट मदत बंद करतं. आधी बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, फ्यूज बघा, मग स्कॅनर लावा.

चाकोरी:
दहाचा पाना, तुमचे उपकार झाले. दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेले आणि शेजारी उभी राहून सगळं बघितलं. दोन्ही बूट कोरडे. टाकीत फेस, अगदी तुम्ही म्हणालात तसा. खालचं कव्हर काढलं तर त्यावर ऑइल आणि धुळीचा जाड लगदा साठलेला. नळी वरून धडधाकट दिसत होती. त्यांनी क्लॅम्पजवळ ती अंगठ्याने वाकवली तेव्हा नखाएवढी चीर उघडली. हात काढला की मिटली.

नळी, दोन्ही क्लॅम्प आणि पंपाकडची ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) बदलली. जुनं ऑइल काळपट झालं होतं, सगळं काढलं आणि झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच नवीन भरलं. तरी आवाज थोडा येतोच आहे. पंप गेला असेल का?

दहाचा पाना:
हवा पूर्ण निघाली नसेल. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा सावकाश फिरवा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. शेवटच्या टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तिथे दाब सर्वांत जास्त असतो आणि ऑइल तापतं. एवढं करूनही आवाज राहिला तर पंप बघू.

चाकोरी:
मुलगा स्टिअरिंगवर, मी टाकीपाशी टॉर्च घेऊन. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत बुडबुडे येत राहिले, मग एकेक, मग बंद. आवाज गेला. सकाळी थंड गाडीत एका हाताने वळवता येतंय. टाकीवर ऑइलच्या पातळीशी मार्करने रेघ मारली होती. आज तीन आठवडे झाले, ऑइल त्याच रेघेवर आहे.