मदत हवी आहे: ऑक्युपेशनल सेफ्टीची डिग्री आणि फार्मसीची तयारी, दोन्ही एकत्र जमेल का? (अमेरिका)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझी लेक इथे अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटीत ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थमध्ये (कामाच्या ठिकाणची सुरक्षितता) बॅचलर्स करतेय, दुसरं वर्ष संपत आलंय. मेजर तिने स्वतःच निवडला होता आणि तिला तो आवडतोय, तक्रार काही नाही. पण या सेमिस्टरला इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी (कारखान्यातल्या रसायनांचे विषारी परिणाम) घेतलं आणि बाईसाहेबांच्या डोक्यात फार्मसी शिरली. डोस वाढला की शरीरात काय होतं, लिव्हर काय करतं, यावर जेवताना लेक्चर चालू असतं. आता म्हणते फार्म-डी (फार्मासिस्ट व्हायची डिग्री) करायचं, पण सेफ्टीची डिग्री सोडायची नाही.

तिच्या बाबांचं म्हणणं सरळ आहे, मेजर बदल, बायोलॉजी किंवा केमिस्ट्री घे, उगाच दोन दगडांवर पाय कशाला. ती म्हणते फार्मसीवाले मेजर बघतच नाहीत. ॲडव्हायझरकडे गेली तर सेफ्टीवाला म्हणतो प्री-फार्मसीचं मला माहीत नाही, प्री-हेल्थवाली म्हणते सेफ्टीचं मला माहीत नाही, आणि दोघंही वेबसाइटची लिंक पाठवून मोकळे.

तर माझे प्रश्न असे की, एक, ती म्हणते ते खरं आहे का. दोन, पहिल्या वर्षी तिने एका सेमिस्टरची केमिस्ट्री केलीय (सेफ्टीला तेवढीच लागते), ती चालेल का, कारण कोर्सचं नाव "सर्व्हे ऑफ केमिस्ट्री" असं काहीतरी आहे आणि मला तिथेच शंका येतेय. तीन, सेफ्टीला समर इंटर्नशिप लागते, मग हे बाकीचे कोर्स बसवायचे कधी? आणि मुळात या दोन गोष्टींचा एकमेकींना काही उपयोग आहे का, की नुसतीच हौस?

कोणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज. धीर धरा, शांत राहा वगैरे नको, ते घरात खूप झालंय.

गोळीवाली
ताई, मी हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे, इथेच शिकले. लेकीचं बरोबर आहे. फार्म-डीला मेजर कुठलाही चालतो, बऱ्याच शाळांना तर बॅचलर्स पूर्ण असायचीही अट नसते, साधारण दोन वर्षांचे प्रीरिक्विझिट (आधी करायचे कोर्स) झाले की पुढची चार वर्षं फार्मसीची (काही शाळा तीन वर्षांत उरकतात, पण त्यात सुट्टी म्हणून नसते). पीकॅट ही फार्मसीची प्रवेश परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये कायमची बंद झाली, त्यामुळे त्याची पुस्तकं कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आता सगळा भार ग्रेड्सवर, त्यातही सायन्स जीपीएवर, आणि इंटरव्ह्यूवर.

तुमची शंका मात्र अगदी बरोबर जागी आहे. सर्व्हे केमिस्ट्री चालत नाही. सायन्स मेजरवाली जनरल केमिस्ट्री १ आणि २ लॅबसकट लागते, मग ऑरगॅनिक १ आणि २ लॅबसकट. शिवाय बायोलॉजी, मायक्रोबायोलॉजी, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, पब्लिक स्पीकिंग, कुठे फिजिक्स, कुठे बायोकेमिस्ट्री, कुठे इकॉनॉमिक्स. प्रत्येक शाळेची यादी वेगळी. स्टॅट्स, फिजिक्स, स्पीच हे सेफ्टीच्या डिग्रीतही बहुतेक असतातच, ते दोन्हीकडे मोजले जातील.

खरी अडचण काय आहे सांगते. केमिस्ट्रीची ही चार सेमिस्टर एकापुढे एक लागतात, दोन एकदम घेता येत नाहीत, आणि बऱ्याच कॉलेजात ऑरगॅनिक १ फक्त फॉलमध्येच (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारं सेमिस्टर) असतं. म्हणजे तिने तिसऱ्या वर्षाच्या फॉलला जनरल १ सुरू केलं तर ऑरगॅनिक २ संपेपर्यंत चौथ्या वर्षाचा स्प्रिंग उजाडतो. जमतं, पण काठावर. एक सेमिस्टर चुकलं की अख्खं वर्ष गेलं. अर्ज फार्मकॅसवर (फार्मसी शाळांची एकत्र ऑनलाइन अर्जाची साइट) जुलैच्या मध्याला उघडतो, म्हणजे चौथं वर्ष सुरू व्हायच्या आधीच भरायचा. कोर्स चालू आहेत असं दाखवलेलं चालतं, फक्त शाळा सुरू व्हायच्या आत ते संपलेले हवेत.

आणि हो, फार्मकॅस रिपीट केलेल्या कोर्सचे सगळे ग्रेड धरतं, तुमच्या युनिव्हर्सिटीने जुना पुसला असला तरी. तेव्हा ऑरगॅनिक आणि सेफ्टीचा सगळ्यात जड कोर्स एकाच सेमिस्टरला नको.

शेवटचा बाक
बाबांशी सहमत. ज्याला फार्मसी करायचीय त्याने फार्मसी करावी. सेफ्टीचे ते फायर प्रोटेक्शन आणि अर्गोनॉमिक्स औषधं देताना कशाला लागणारेत?

गोळीवाली
@शेवटचा बाक, फायर प्रोटेक्शन नाही लागणार, पण बाकीचं लागतं हो. आमच्याकडे केमोची औषधं बनवणाऱ्या खोलीत जाऊन बघा. निगेटिव्ह प्रेशर, दोन जोडी ग्लोव्ह्ज, गाऊन, क्लोज्ड सिस्टिम, सांडलं तर स्पिल किट. सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट ही सगळी नायॉशच्या (कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी सरकारी संस्था) घातक औषधांच्या यादीत आहेत. यूएसपी ८०० हे घातक औषधं हाताळायचं स्टँडर्ड १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालं, अंमलबजावणी राज्याराज्यात वेगळी, पण हॉस्पिटलं त्याच्यामागे धावतायत. आणि रिटेलमध्येसुद्धा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या मोजल्या की ट्रेवर बारीक पूड राहते, तोच ट्रे दुसऱ्या औषधाला वापरायचा नाही, हे नव्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. एक्स्पोजर म्हणजे काय हे आधीच कळणारी मुलगी मला टीममध्ये कधीही चालेल. इंटरव्ह्यूतही "मला लोकांना मदत करायचीय" यापेक्षा हे दहापट बरं उत्तर आहे.

हेल्मेटवाला
सेफ्टीच्या बाजूने लिहितो, मी औषध कंपनीच्या प्लँटवर आहे. ताई, पहिलं हे बघा की तिचा प्रोग्रॅम अ‍ॅबेट मान्यताप्राप्त (ही तांत्रिक प्रोग्रॅम्सना मान्यता देणारी संस्था) आहे का, किंवा बीसीएसपीच्या (सेफ्टीची सर्टिफिकेटं देणारं बोर्ड) यादीत आहे का. असेल तर डिग्री पूर्ण केल्यावर तिला जीएसपी हा दाखला मिळतो, म्हणजे पुढे सीएसपी (सेफ्टीचं वरचं सर्टिफिकेट) करताना त्याआधीची एएसपीची परीक्षा द्यावी लागत नाही. ही सोय त्या डिग्रीमुळेच आहे, म्हणून दोन वर्षांवर सोडून फार्मसीला पळू नका म्हणावं. उद्या ॲडमिशन नाही झाली, किंवा झाली आणि मन फिरलं, तरी हातात नोकरी देणारा कागद राहतो. बायोलॉजीच्या नुसत्या बॅचलर्सवर तसं होत नाही, हे बाबांना सांगा.

दुसरं, ऑरगॅनिक केमिस्ट्री वाया जात नाही. इंडस्ट्रियल हायजीनकडे (कामाच्या जागेतली हवा, रसायनं मोजून ताब्यात ठेवणं) वळली तर तिथे ती लागतेच. आमच्याकडे काही औषधांची हवेतली मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमच्याही खाली असते, ते ठरवायला टॉक्सिकॉलॉजिस्ट आणि सांभाळायला आम्ही, आणि दोघांची भाषा कळणारे लोक कमीच.

इंटर्नशिपचं म्हणाल तर या समरला केमिस्ट्री, पुढच्या समरला इंटर्नशिप असं करा. कंपन्या तसंही तिसरं वर्ष झालेल्यांनाच आधी घेतात.

जाईजुई (धागाकर्ती)
सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांना वाचायला दिलं, "कागद राहतो" या वाक्यावर जरा थांबले. आम्ही आता असं धरून चाललोय की या समरला जनरल केमिस्ट्री १ आणि २ उरकायची, मग ऑरगॅनिक तिसऱ्या वर्षी, बायोकेमिस्ट्री नि मायक्रो चौथ्या वर्षी. म्हणजे अर्ज भरताना ऑरगॅनिकचे ग्रेड हातात असतील. समरला कम्युनिटी कॉलेजची लॅब ऑनलाइन आहे म्हणे, ती चालते का? आणि खर्चाचं काय?

गोळीवाली
प्लॅन छान आहे, फक्त समरची केमिस्ट्री धापा टाकायला लावते, त्यात पार्ट-टाइम नोकरी घालू नका. कम्युनिटी कॉलेज बहुतेक ठिकाणी चालतं, ऑनलाइन लॅब पुष्कळ ठिकाणी नाही चालत. चार-पाच शाळा निवडा, ॲडमिशन ऑफिसला कोर्सच्या नंबरासकट ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा, फोनवर "हो हो चालेल" म्हणतात त्याला अर्थ नाही.

खर्चाचं म्हणाल तर ट्यूशनच बऱ्याच ठिकाणी लाख डॉलरच्या वर जाते. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज) लोन बंद, आणि फार्मसीसारख्या प्रोफेशनल डिग्रीला फेडरल लोन वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. तेव्हा आपल्या राज्यातली सरकारी शाळा यादीत वर ठेवा. आणि फॉलमध्ये तिला वीकेंडला फार्मसी टेक्निशियन म्हणून घालता आलं तर घाला, सहा तास काउंटरवर उभं राहून इन्शुरन्सवाल्यांशी भांडून आली आणि तरी फार्मसीच म्हणाली, तर बाबांनी वाद घालू नये.

शेवटचा बाक
मी माझं मत अर्धं मागे घेतो. तो टेक्निशियनचा लायसन्स प्रत्येक राज्यात लागतो का?

हेल्मेटवाला
राज्यागणिक वेगळं आहे, कुठे लायसन्स, कुठे नुसतं रजिस्ट्रेशन. स्टेट बोर्ड ऑफ फार्मसीच्या साइटवर असतं. ताई, इंटर्नशिप शोधताना औषध कंपन्यांचं ईएचएस (पर्यावरण, आरोग्य आणि सेफ्टी) डिपार्टमेंटही बघा, समरच्या जागा आधीच्या फॉलमध्येच निघतात.