पुण्यात कमी चरबीचे पांढरे मासे: कुठले घ्यावेत, कसे करावेत?

रस्सा_भाकरी
बाबा ७० वर्षांचे, वजन ७२ किलो. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून मटण महिन्यातून एकदा, तेही आमचा डोळा चुकवून. आहारतज्ज्ञ बाईंनी प्रथिनं कमी पडतायत म्हणून ‘कमी चरबीचे पांढरे मासे’ लिहून दिलेत. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बोकडाचा कुठला भाग कशाला, हे झोपेत सांगू, पण मासळीत पापलेट आणि सुरमईपलीकडे काही ओळखत नाही. राहायला कोथरूड. पांढरे मासे म्हणजे नेमके कुठले, त्यात असतं काय, आणि मॉलमधला गोठवलेला बासा चालेल का?

टवाळ_पुणेकर
पुण्यात राहून मासे विचारताय? शिवनेरी पकडा आणि दादरला उतरा.

खाडीकाठ
वरच्या साहेबांकडे लक्ष देऊ नका. गणेश पेठेतल्या बाजारात समुद्राची, खाडीची, नदीची अशी सगळी मासळी येते, आंध्रातून रहू-कतलाही येतो. कॅम्पात शिवाजी मार्केट आहे. सकाळी लवकर जायचं, एवढंच.

आता माशांचं. काही मासे चरबी अंगभर, मांसात साठवतात: बांगडा, तारली. पांढऱ्या मांसाचे मासे ती बहुतांशी यकृतात ठेवतात, म्हणून मांस जवळजवळ कोरडं. परदेशातला कॉड हे त्याचं ठरलेलं उदाहरण. त्याच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं, चरबी १ ग्रॅमहून कमी, उष्मांक ८०च्या आसपास. आणि त्याच माशाच्या यकृतातून ते कॉड लिव्हर ऑइल काढतात. आपल्याकडे तुमच्या कामाचे म्हणजे लेपी, राणे, ढोमी, मुडदुशी, जिताडा, घोळ. घोळीचा भाव मात्र बाबांना सांगू नका, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला झेपणार नाही.

पापलेट दिसायला पांढरं, पण चरबी लेपीपेक्षा जास्त. वाईट नाही, फक्त तुमच्या यादीतलं नाही.

रस्सा_भाकरी
दादा, लेपी म्हणजे ती चपटी, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेली? ती बघून आई पाटावरून उठेल.

खाडीकाठ
तीच. कातडं ओढून द्यायला सांगा, मग कळतही नाही. मधला काटा सरळ निघतो, वयस्कर माणसाला बरी. राणे-ढोमी स्वस्त, पण काटे बघून खावे लागतात.

ताटातलं_गणित
मी आहारशास्त्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुमच्या बाईंचा सल्ला प्रथिनांसाठी योग्य आहे. आयसीएमआरच्या हिशेबाने दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे बाबांना दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास. या वयात बरेच तज्ज्ञ किलोला १ ग्रॅम किंवा थोडं जास्तच सांगतात. १५० ग्रॅम पांढऱ्या माशात २६-२७ ग्रॅम मिळतात. एवढीच प्रथिनं पनीरमधून घ्यायची तर सोबत ३० ग्रॅमच्या आसपास चरबी येते, तीही बहुतेक संपृक्त. माशाच्या मांसात चिवट तंतू फार कमी, त्यामुळे ते लवकर शिजतं, चावायला सोपं आणि पचायलाही हलकं. शिवाय बी-१२, सेलेनियम, फॉस्फरस. समुद्राचा असेल तर आयोडीनही.

पण पांढरा मासा म्हणजे ओमेगा-३ नव्हे, आणि हृदयासाठी मासे म्हटलं की लोक या दोन्हींची गल्लत करतात. पांढऱ्या माशात १०० ग्रॅमला जेमतेम ०.२ ग्रॅम ओमेगा-३ असतं, तारली-बांगड्यात ते एका ग्रॅमच्या वर जाऊ शकतं. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. म्हणून मी घरच्यांना सांगते: आठवड्यात दोनदा पांढरा, एकदा बांगडा. बाबांच्या बाबतीत हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून करा. मुशीसारखे मोठे शिकारी मासे नेहमी नकोत, त्यांच्यात पारा साठतो. मोठ्या सुरमईलाही तेच लागू.

टवाळ_पुणेकर
ताई, मग बोंबील कुठे बसतो तुमच्या गणितात? त्याच्याइतका पांढरा कोण?

ताटातलं_गणित
पांढरा आहे, चरबीही कमी. पण ताज्या बोंबलात जवळपास ९० टक्के पाणीच असतं, त्यामुळे प्रथिनं लेपीच्या निम्मीसुद्धा धरू नका. दोन बोंबील खाऊन प्रथिनं झाली म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

वाटण_घाटण
आमच्याकडे म्हणूनच बोंबील चिरून, कणा काढून, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवतात. अर्ध्या तासात फडकं पिळलं की पेलाभर पाणी निघतं. त्याशिवाय तो तव्यावर टिकतच नाही. सुक्या बोंबलाची गोष्ट उलट, पाणी उडाल्यावर प्रथिनं एकवटतात. आणि तो बहुधा बिनमिठाचा, वलांडीवर उन्हात वाळवलेला असतो. खारा बांगडा मात्र रक्तदाबवाल्यांनी लांबच ठेवावा.

रस्सा_भाकरी
आणि बासा? खरं सांगायचं तर बायकोला तोच हवाय. काटा नाही, वास नाही.

खाडीकाठ
वास नाही हीच त्याची तक्रार. :)

ताटातलं_गणित
विषबिष काही नाही त्यात. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या खोऱ्यात पाळतात, गोड्या पाण्यातला आहे. चरबी कमी, पण प्रथिनंही समुद्री माशापेक्षा थोडी कमी, आयोडीन तर नावालाच. खरी भानगड पाण्याची आहे. गोठवताना वर बर्फाचा थर देतात, कधी पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट घालतात. पाकीट उलटून प्रथिनांचा आकडा आणि घटकांची यादी वाचा. १०० ग्रॅमला १५ च्या जवळ असेल तर घ्या. ११-१२ असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा, सकाळी सुटलेलं पाणी टाकून द्या.

भीमाकाठचा
बासा कशाला? आपल्या उजनीची चिलापी आहे की. इंदापूर-भिगवणकडे रोज जाळ्यातून येते, पुण्यात पोचेपर्यंत ताजी असते. चरबी २ ग्रॅमच्या आत, प्रथिनं २० च्या घरात. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा कोथरूडच्या माणसाने लेपीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पुढे श्रावण येतो, तेव्हा मासे खाणारे कमी आणि भाव बरा. (आमच्या घरी श्रावण पाळत नाहीत, आई सोडून.)

वाटण_घाटण
चिलापीच्या पोटाच्या आतली काळी पातळ साल खरवडून काढा. त्याने मातकट चव थोडी कमी होते. मग हळद-मीठ-लिंबू लावून पंधरा मिनिटं.

आणि कृपा करून रवा लावून तेलात बुडवू नका. एका चमचाभर तेलाचे ४५ उष्मांक होतात, रव्याचा थर असे तीन-चार चमचे सहज पितो. मग तो मासा कमी चरबीचा राहिला कुठे?

रस्सा_भाकरी
अडचण तीच आहे. बाबांना वाफवलेलं काही दिलं की ‘दवाखान्यातलं जेवण’ म्हणतात. त्यांना रस्साच लागतो.

वाटण_घाटण
मग रस्साच करा, त्यात काय? तुमचा साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला चालतो माशाला. एका चमचा तेलावर ठेचलेला लसूण, चिरलेला कांदा, टोमॅटो, मसाला. खोबरं घालूच नका, दाटपणासाठी एक चमचा भाजलेलं बेसन पाण्यात कालवून. रस्सा खळखळून उकळला, चव जमली, की आमसुलं टाका आणि आच मंद करा. मासा शेवटी. तुकडे एका थरात अलगद सोडायचे, झाकण, आणि पाच-सहा मिनिटांत गॅस बंद. मटणासारखं ‘अजून दोन शिट्ट्या’ करायला गेलात तर कापूस होतो. मासा आत गेला की पळी घालायची नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं. मीठ बेताने, मसाल्यात आधीच असतं.

रस्सा_भाकरी
हे जमेल. रविवारी गणेश पेठेत जातो. ताजा कसा ओळखायचा तेवढं सांगा, तिथे माझा चेहरा बघूनच भाव वाढणार.

खाडीकाठ
रविवारी नका जाऊ, सगळं पुणं तिथेच असतं. मधल्या वारी जा. मावशीला म्हणा, ‘कल्ले उघडून दाखवा.’ लाल किंवा गुलाबी हवेत, तपकिरी झाले असतील तर पुढे चला. डोळे फुगीर आणि पाणीदार. बोटाने दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. लेपीचे कल्ले बघणं नवख्याला कठीण, तिथे वास आणि बोट. साफ करून, तुकडे पाडून तीच देईल, पण वजन आधी करून घ्या. साफ केल्यावर पाव-तृतीयांश तरी जातं. चौघांसाठी किलोभर अख्खा मासा घ्या, आणि घरून डबा न्या, तळाशी बर्फ घालून.