मदत हवी आहे: इनलाइन स्केटिंग करताना लेकीचं मनगट मोडलं, आता पुन्हा कसं पाठवू?

नमस्कार मंडळी,

लेक नऊ वर्षांची आहे. दोन वर्षं क्वाडवर (पुढे दोन, मागे दोन चाकांचे स्केट) शिकली, दिवाळीत इनलाइन (एका रांगेत चाकं असलेले) घेऊन दिले. दीड महिन्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर पडली. मी बाल्कनीतून बघत होते. वेग वाढत गेला, पुढे चेंबरचं झाकण आलं आणि तिने दोन्ही हात पुढे टाकले. डाव्या मनगटाला बकल फ्रॅक्चर (हाड आरपार न तुटता एका बाजूने दबतं ते), चार आठवडे प्लास्टर. हाड सरकलं नाही, म्हणून थोडक्यात निभावलं.

हेल्मेट होतं, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड होते. मनगटाचे गार्ड मात्र घरी पिशवीत. क्लासमध्ये कुणीच घालत नाही म्हणून तिनेही सोडले आणि मीही आग्रह धरला नाही, याची टोचणी अजून जात नाही. दुसरी गोष्ट परवा स्केट पुसताना लक्षात आली. उजव्या टाचेमागचा काळा रबरी ब्रेकच नाही, नुसतं स्क्रूचं भोक! वळणावर पाय ओलांडताना अडकतो म्हणून क्लासच्या सरांनी काढायला लावला होता म्हणे.

डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे. सासूबाई म्हणतात पुरे झालं. मला बंद करायचं नाही, स्केट पायात घातले की पोरगी खुलते. पण जिवाला घोर लागलाय. ब्रेक परत लावू का? आणि पडायचं कसं, हे शिकवता येतं का? जाणकारांनी कृपया सांगा.

बेळगावकर:
ताई, आधी ब्रेक लावा. रेसच्या स्केट्सना ब्रेक नसतो हे खरं, पण ती मुलं बंद रिंकवर पळतात. तिथे उतार नसतो, गाड्या नसतात. त्यात तुमची मुलगी क्वाडवरून आली आहे. क्वाडचा स्टॉपर पुढे, बोटांखाली असतो, त्यामुळे घाबरली की पाय आपोआप चवड्यावर जातो. इनलाइनला पुढे काहीच नाही, तोल थेट पुढे जातो. तिच्या बाबतीत बहुधा हेच झालं असणार.

सपाट जागेवर शिकवा: ब्रेकचा पाय अर्धं पाऊल पुढे, खुर्चीत बसल्यासारखं खाली जायचं, बोटं वर उचलून टाच दाबायची. जोर हळूहळू वाढवायचा. ठरवलेल्या रेघेवर दहापैकी दहा वेळा थांबता येईपर्यंत उतार बंद. ओल्या फरशीवर आणि वाळूवर अजिबात नको. चाकांची आतली कड झिजली असेल तर चाकं फिरवून लावा.

फिजिओताई:
गार्डवर तडजोड करू नका. अमेरिकेत 1996 मध्ये झालेल्या अभ्यासात गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाच्या दुखापतीची शक्यता सुमारे दहापट आढळली होती. गार्डची कडक पट्टी जमिनीवर घसरते, त्यामुळे सगळा भार एका जागी मनगटावर येत नाही.

पडणं नक्की शिकवता येतं. आधी घरात गादीवर, स्केटशिवाय, सगळे पॅड घालून. गुडघे वाकवून खाली जायचं, आधी गुडघे टेकवायचे, मग कोपर, शेवटी तळवे; बोटं वर उचललेली. हात ताठ ठेवायचे नाहीत. मग हेच हिरवळीवर स्केट घालून. तिला पडण्याची भीती बसली असेल तर तीही यातूनच जाईल. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसतं का, तेही बघा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. ब्रेक खोक्याच्या तळाशी सापडला, स्क्रूसकट. काल गादीवर वीस वेळा पडून झालं, सासूबाई मोजत होत्या! एकच शंका: गार्ड घातल्यावर तिची बोटं नीट मिटत नाहीत.

फिजिओताई:
डावा-उजवा बदलून बघा. फुगीर पट्टी तळव्याकडे हवी. तरी मिटली नाहीत तर साइज मोठा आहे, बदलून आणा.